बायबल, लैंगिकता आणि संयम : मुंबईच्या मराठी मंडळींत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही; धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. मुंबईतल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, तरुण संघाचं आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या वर्गाचं काम मी पाहते. खालचे बहुतेक प्रश्न तिथल्या चिठ्ठ्यांमधले आहेत. नाव न घालता चिठ्ठी टाकायची सोय केली की उपासनेनंतर चहाच्या रांगेत कोणी तोंडातून काढणार नाही ते सगळं कागदावर उतरतं. ख्रिस्ती नसलेले मित्रमैत्रिणीही विचारतात, म्हणून संदर्भ जरा फोडून सांगितले आहेत. जिथे चर्चमध्येच एकमत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

आदाम-हव्वेचं फळ म्हणजे शरीरसंबंधच ना? म्हणजे मूळ पाप तेच?

नाही. उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक क्रमाने वाचलं तर हा गोंधळ राहत नाही. पहिल्या अध्यायात देव नर-नारी घडवतो, त्यांना संततीचा आशीर्वाद देतो आणि सगळं पाहून ‘फार चांगलं’ म्हणतो. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ती दोघं एकदेह होतात, उघडी असतात आणि त्यांना लाज वाटत नाही. सर्प आणि फळ येतं ते तिसऱ्या अध्यायात. देह आधी, आशीर्वाद आधी, पाप नंतर.

नीतिसूत्रांचा पाचवा अध्याय नवऱ्याला सांगतो की तरुणपणी केलेल्या बायकोत आनंद मान, तिच्या प्रेमात गुंग हो. आणि गीतरत्न तर आठही अध्याय प्रेमिकांचं बोलणं आहे : द्राक्षमळे, डाळिंबं, गंधरस, आणि रात्री शहरभर त्याला शोधत फिरणारी ती. बोलायला सुरुवातही तीच करते. या काव्यात देव आणि त्याची प्रजा, ख्रिस्त आणि मंडळी असा अर्थ पाहण्याची परंपरा जुनी आहे, ती मला मान्य आहे. पण म्हणून त्यातला देह नाहीसा होत नाही. आमच्याकडे उपासनेत गीतरत्नाचं वाचन क्वचितच होतं. शेवटच्या अध्यायातली ‘प्रेम मृत्यूइतकं बळकट’ ही ओळ तेवढी लग्नपत्रिकेवर छापतात. बाकीचे अध्याय पोरं आपली आपण शोधून वाचतात, आणि मग चिठ्ठ्या येतात.

सगळं इतकं चांगलं आहे तर मग संयमाचा एवढा आग्रह कशाला?

याचं सगळ्यात सविस्तर उत्तर येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि मुंबईकराला ते समजायला अवघड जाऊ नये. करिंथ दोन समुद्रांच्या मधलं, दोन बंदरांचं शहर. बाहेरून आलेली माणसं, पैसा, खलाशी, देवळं, बाजार. पौल तिथे दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत. त्या जगात प्रतिष्ठित पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोला हात लावला तर गुन्हा. पण घरातली दासी, गुलाम पोरगा किंवा वेश्या यांच्याकडे जाणं ही त्याची खासगी बाब. निष्ठेचा नियम होता तो बायकोला.

पौलाचं म्हणणं असं की शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, ते मोल देऊन विकत घेतलेलं आहे, आणि हे पुरुषालाही लागू. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो जारकर्मापासून दूर राहा म्हणतो आणि त्याच दमात म्हणतो की या बाबतीत कोणी आपल्या भावाची फसवणूक करू नये. म्हणजे इथे प्रश्न नुसत्या ‘शुद्ध-अशुद्ध’चा नाही. कुणाचा तरी गैरफायदा घेतला जातोय का, हा आहे.

हेच मला या पानावर पुन्हा पुन्हा सांगायचं आहे : बायबल संयमाचा हिशेब आधी त्याच्याकडे मागतं ज्याच्या हातात ताकद आहे. आपण मात्र तो वर्षानुवर्षं पोरींकडे मागत आलो.

मुलींनी नीट कपडे घातले तर मुलांना मोह होणार नाही, हे बायबलमध्येच आहे ना?

कुठे आहे ते दाखवा, असं मी विचारते तेव्हा बहुधा तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला जातो. शांतपणे वाचा. स्त्रियांनी साजेशा वेषात राहावं म्हणताना पौल नावं घेतो ती केसांच्या गुंफणीची, सोन्याची, मोत्यांची आणि महागड्या कपड्यांची. त्याला खुपतंय ते श्रीमंतीचं प्रदर्शन. बाहीची लांबी त्यात नाही. हे वचन नेमाने लावायचं ठरवलं तर आपल्या लग्नांच्या हॉलबाहेर निम्मी मंडळी अडवावी लागतील, आणि अडवणाऱ्या काकूंच्या गळ्यातही काही ना काही असेलच.

पाहण्याबद्दल मात्र येशू स्पष्ट बोलतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की कामेच्छेने स्त्रीकडे पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच. पुढचा उपाय काय? तुझा डोळा अडखळवत असेल तर तुझा डोळा उपटून टाक. तिला झाक असं तो म्हणत नाही. हात-डोळे तोडण्याचं बोलणं अर्थात अतिशयोक्तीचं आहे, पण बोट कोणाकडे दाखवलंय ते कळतं. ईयोबही एकतिसाव्या अध्यायात हेच करतो. तो करार करतो आपल्या डोळ्यांशी.

आणि बथशेबा. तिच्यावर किती प्रवचनं ऐकली असतील आपण : उघड्यावर अंघोळ करत होती, राजाला मोह पाडला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढा. राजांनी लढाईवर जायचा हंगाम आहे आणि दावीद घरी आहे. संध्याकाळी तो बिछान्यावरून उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरतोय. गच्चीवर होता तो दावीद. ती गच्चीवर होती असं त्या अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही. तो चौकशी करतो. ती उरीयाची बायको आहे हे त्याला सांगितलं जातं. तरीही तो माणसं पाठवतो आणि तिला आणवतो. राजाची माणसं दारात, नवरा लढाईवर. ती काय बोलली असेल? मजकुरात तिचं एकच बोलणं आहे, तेही निरोपातून : मी गरोदर आहे. मग पाप झाकायला उरीयाला लढाईत मारलं जातं. बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा येतो आणि एका गरिबाची एकुलती मेंढी हिसकावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दोष श्रीमंताचा. मेंढीला कोणी बोल लावत नाही.

साखरपुडा झालाय. घराचं जमेपर्यंत लग्न दोन वर्षं लांबलंय. तोवर संबंध ठेवले तर बिघडलं कुठे? लग्न तर ठरलेलंच आहे.

मुंबईतला हा सगळ्यात खरा प्रश्न. बँडस्टँडच्या खडकांवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाठ करून बसलेल्या जोडप्यांत आपलीही मुलं आहेत.

बायबलचं उत्तर मी गुळमुळीत करणार नाही : शरीरसंबंधांची जागा लग्नात आहे. उत्पत्ती 2:24, इब्री 13:4, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय, सगळीकडे तेच गृहीत धरलेलं आहे. योसेफ आणि मरीया यांची मागणी झाली होती, ती मागणी त्या काळी आपल्या साखरपुड्यापेक्षा बरीच पक्की असे, आणि तरी मत्तय सांगतो की ती एकत्र आली नव्हती. ठरलेलं लग्न मोडतं, हेही आपण पाहिलंय. तेव्हा कोणाला जास्त सोसावं लागतं हे वेगळं सांगायला नको.

पण त्याच पत्रात पौल हेही म्हणतो की वासनेने जळत राहण्यापेक्षा लग्न करणं बरं. हे वाक्य मी मुलांपेक्षा त्यांच्या आईबापांना वाचून दाखवते. लग्न अडतं कशापायी? वन बीएचकेचं डिपॉझिट, हॉलची तारीख, पाचशे माणसांचं जेवण. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला लागतं काय? रीतसर नोटीस, अधिकार असलेला पाळक, दोन साक्षीदार. बिर्याणी त्या कायद्यात कुठेच नाही. तीन रविवार घोषणा होऊ द्या, शनिवारी सकाळी चर्चमध्ये विधी करा, मागच्या खोलीत चहा, केक आणि वेफर्स. भाड्याच्या खोलीत संसार सुरू होतो. विरारच्या पुढे निम्म्यांचा तसाच झालाय. मुलांना संयम शिकवायचा आणि लग्न महाग करून ठेवायचं, हे दोन्ही एकदम करणाऱ्या मंडळीला मी तरी प्रामाणिक म्हणणार नाही.

लग्नानंतर नवरा म्हणेल तेव्हा बायकोने ‘हो’ म्हणायचं, असंच शास्त्र सांगतं ना?

अर्धं वचन पाठ करण्याचा हा उत्तम नमुना. करिंथकरांचं पहिलं पत्र, सातवा अध्याय, चौथं वचन : बायकोच्या शरीरावर तिची स्वतःची सत्ता नाही, नवऱ्याची आहे. इथे थांबतात. वाक्य पुढे चालूच आहे : तसंच नवऱ्याच्या शरीरावर त्याची सत्ता नाही, बायकोची आहे. पहिल्या शतकात हे दुसरं अर्ध लिहिणं किती धाडसाचं होतं! पाचव्या वचनात दूर राहायचं ते दोघांच्या संमतीने, असं आहे. दूर राहायला दोघांची संमती लागत असेल तर जवळ यायला ती लागत नाही, असं म्हणायचं कोणत्या तोंडाने? इफिसकरांच्या पत्रात नवऱ्याला दिलेला नमुना ख्रिस्ताचा आहे, ज्याने मंडळीसाठी स्वतःला दिलं. जबरदस्ती त्यात कुठल्याही बाजूने बसत नाही. देशाचा कायदा प्रौढ पत्नीवरच्या जबरदस्तीला अजून बलात्कार म्हणत नाही. म्हणून ख्रिस्ती नवऱ्याला मोकळीक मिळाली असं होत नाही.

इथे एक जमिनीवरची गोष्ट. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, पडद्यापलीकडे दीर, मधे झोपलेलं मूल. बायको ‘नको’ म्हणते तेव्हा तिला नवरा नको असतो असं नाही, तिला भिंत हवी असते. ‘अनुवाद’ नावाच्या बायबलमधल्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात नव्याने लग्न झालेल्या माणसाला वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून बायकोला सुखी करावं असा नियमच आहे. मोशेच्या नियमशास्त्राला हे सुचलं. आपल्याला सासू-सासऱ्यांना महिन्यातून एक शनिवार-रविवार लेकीकडे पाठवणं सुचायला हरकत नाही.

हस्तमैथुन पाप आहे का?

बायबलमध्ये यावर थेट वचन नाही. ओनानाची गोष्ट सांगितली जाते ती उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायातली. पण ओनानाचा गुन्हा वेगळा होता. मेलेल्या भावाच्या विधवेला, तामारेला, वारस देण्याचं कर्तव्य त्याच्यावर होतं. त्याने तिचा उपभोग घेतला आणि वारस मात्र होऊ दिला नाही. विधवेला फसवणं ते. कॅथलिक चर्च आपल्या शिकवणीत हस्तमैथुनाला चूकच मानतं, आणि त्याच वेळी वय, सवय, मनःस्थिती यांनी दोष कमी होऊ शकतो असंही सांगतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मतं वेगवेगळी. पंधरा वर्षांच्या मुलाला यावरून नरकाची भीती घालणारे वडीलधारे मला अजिबात पटत नाहीत. सोबत मनात काय चाललंय, ते मात्र विचारण्यासारखं आहे. तिथून पुढचा प्रश्न येतो.

मोबाइलवरचं पोर्न सुटत नाही. काय करू?

आधी हे मान्य करा की पडद्यावरची बाईसुद्धा कोणाची तरी लेक आहे आणि ती तिथे कशी आली हे तुम्हाला माहीत नाही. मत्तय 5:28 पडद्यालाही लागू आहे.

मग व्यवहाराचं. फोन रात्री उशाशी नको. स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. एकाच विश्वासू माणसाला सांगा, सगळ्या ग्रुपला नव्हे. याकोबाच्या पत्रात एकमेकांपाशी पापं कबूल करायला सांगितलंय ते याचसाठी. गलतीकरांच्या पत्रात इंद्रियदमन हे आत्म्याच्या फळात मोजलंय, आणि फळ एका रात्रीत धरत नाही. पुन्हा पाय घसरला म्हणून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी, टाळू नका. झोप, नोकरी, संसार यांवर परिणाम होत असेल तर समुपदेशकाकडे जा. त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

अब्राहाम, याकोब, दावीद यांना अनेक बायका. शलमोनाला सातशे बायका आणि तीनशे उपपत्नी. मग आम्हालाच नियम का?

बायबल सांगतं ते सगळं बायबलला मान्य असतं असं नाही. त्या घरांत पुढे काय झालं ते बघा. अब्राहामाच्या बायकोच्या, सारेच्या, जाचाने दासी हागार रानात पळते. याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल आयुष्यभर एकमेकींशी झुंजत राहतात. शमुवेलाच्या आईला, हन्नेला, सवत टोचून टोचून रडवते. दाविदाच्या घरात अम्नोन सावत्र बहिणीवर बलात्कार करतो. शलमोनाचं मन त्या बायकांमुळेच देवापासून फिरलं असं राजांच्या पहिल्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो, आणि राजाने पुष्कळ बायका करू नयेत हे अनुवादात आधीच लिहिलेलं होतं. येशूला लग्नाबद्दल विचारलं तेव्हा त्याने यांपैकी कोणाचाही दाखला दिला नाही. तो सरळ आदाम-हव्वेपर्यंत मागे गेला.

समलैंगिक व्यक्तींबद्दल बायबल काय म्हणतं?

लेवीय 18 आणि 20, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय ही मुख्य वचनं. यांच्या आधारे चर्चची परंपरा लग्न स्त्री-पुरुषाचंच मानते आणि समलिंगी शरीरसंबंध नाकारते. भारतातले बहुतेक सगळे पंथ आज इथेच उभे आहेत. परदेशातल्या काही मंडळ्या आणि काही अभ्यासक म्हणतात की ही वचनं त्या काळच्या शोषणाच्या संबंधांबद्दल आहेत, दोन निष्ठावान प्रौढांबद्दल नाहीत. मी परंपरेच्या बाजूने उभी आहे. दुसरी बाजू मांडणारे बायबल वाचतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही.

देवाने नाश केलेल्या सदोम शहराचा दाखला जपून द्यावा. तिथे पाहुण्यांवर सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे; आणि यहेज्केल 16:49 सदोमाचं पाप म्हणून गर्व, अन्नाची चंगळ आणि गरिबाला हात न देणं यांची नावं घेतो. मुंबईत हे वचन वाचून आपलाच चेहरा उतरायला हवा.

कायद्याचं सांगायचं तर 6 सप्टेंबर 2018 पासून प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतात गुन्हा नाहीत. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला. 2013 मध्ये अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम राहिलं तेव्हा मुंबईचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी विवाहाला विरोध ठेवूनही अशा व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याला चर्चचा पाठिंबा नाही, असं जाहीरपणे म्हटलं होतं. तुमच्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगितलं तर पहिल्या रात्री करायचं काम एकच : त्याला जेवायला वाढा आणि घराबाहेर काढू नका. भुतं काढणाऱ्याकडे नेऊ नका आणि ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून परक्याच्या लेकीचा बळी देऊ नका.

गर्भनिरोधक वापरावेत का?

बायबलमध्ये आजच्या साधनांवर काही नाही. कॅथलिक चर्चने 1968 साली कृत्रिम साधनांना दिलेला नकार कायम आहे. मासिक चक्र पाहून अंतर ठेवणं त्यांना मान्य आहे. अँग्लिकनांनी 1930 मध्ये मर्यादित परवानगी दिली आणि आज बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हा निर्णय जोडप्यावर सोडतात.

पाळी चालू असताना प्रभुभोजन घ्यावं का?

घ्या. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायातली अशुद्धता विधीपुरती होती, पाप नव्हे. आणि त्याच अध्यायात वीर्यपात झालेला पुरुषही संध्याकाळपर्यंत अशुद्ध आहे, ते कोणी सांगत नाही. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई येशूच्या वस्त्राला शिवली तेव्हा त्याने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली.

घटस्फोट?

मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू सरसकट नाही म्हणतो. मत्तयाच्या एकोणिसाव्यात जारकर्माचा अपवाद आहे. पौल सोडून गेलेल्या अविश्वासी जोडीदाराचा उल्लेख करतो. ज्या काळात नवरा क्षुल्लक कारणावरून सूटपत्र हातात ठेवू शकत होता, त्या काळात हे बोलणं बायकांना वाचवणारं होतं. तेच वचन आज मार खाणाऱ्या बाईला घरी परत पाठवायला वापरतात. मलाखीचा दुसरा अध्याय विश्वासघात आणि जुलूम एका वाक्यात घेतो. भारतीय ख्रिस्ती बाईला तर घटस्फोट कायद्याच्या 2001च्या दुरुस्तीपर्यंत नुसत्या क्रूरतेवरून घटस्फोट मिळत नसे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होता. जीव धोक्यात असेल तर आधी घराबाहेर पडा, वचनांची चर्चा सुरक्षित ठिकाणी करू.

माझ्याकडून पूर्वी चूक झाली आहे. आता चांगलं स्थळ येईल का? देव स्वीकारेल का?

मत्तयाचा पहिला अध्याय, जो सगळे गाळून पुढे जातात, तो वाचा. येशूच्या वंशावळीत तामार आहे, यरीहोची वेश्या राहाब आहे, परकी रूथ आहे आणि ‘उरीयाची बायको’ आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या बाईला आणतात. नियमशास्त्र दोघांना दोषी धरतं, पण तिच्याबरोबरचा पुरुष कुठे आहे? येशू तिला दोषी ठरवत नाही आणि ‘यापुढे पाप करू नको’ असंही सांगतो. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवा. एका वाक्याने माणूस चिरडतो, दुसऱ्याने बेफिकीर होतो. आणि जकातदार व कसबिणी तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातील, हे तो मंदिरातल्या प्रतिष्ठितांना सांगतो. भायखळ्याच्या चर्चमधून कामाठीपुरा चालत जाण्याइतका जवळ आहे. हे वचन तिथे वाचायचं धैर्य आपल्यात आहे का, ते बघा.

स्थळाचं म्हणाल, तर मुलाला हा प्रश्न कधी विचारलेला मी ऐकला नाही.

लग्नच करायचं नसेल तर?

नका करू. येशू अविवाहित होता, पौलही पत्रं लिहिताना एकटाच होता. वैधव्यात वर्षानुवर्षं मंदिरात राहिलेल्या दुसऱ्या एका हन्नेला लूक संदेष्ट्री म्हणतो. पंडिता रमाबाई 1882 साली विधवा झाल्या, पुन्हा लग्न केलं नाही, आणि 1889 मध्ये याच मुंबईत, चौपाटीजवळ, विधवांसाठी शारदा सदन उघडलं. एकटं राहणं म्हणजे संसाराच्या दाराबाहेर ताटकळणं नव्हे. रविवारी ‘मग कधी देणार पेढे?’ विचारणाऱ्यांनी त्याऐवजी जेवायला बोलवावं.

मंडळीतल्याच मोठ्या माणसाने त्रास दिला आहे. क्षमा करून गप्प बसायचं का?

नाही. दाविदाच्या मुलीने, तामारेने, अम्नोनाला ‘नको’ म्हटलं होतं. नंतर तिने डोक्यात राख घातली, अंगरखा फाडला आणि आक्रोश करत गेली. भावाने तिला गप्प राहायला सांगितलं. दावीद संतापला आणि त्याने काहीच केलं नाही. दोन वर्षांनी त्या घरात खून पडला. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात रानात गाठलेल्या मुलीबद्दल स्पष्ट लिहिलंय की तिचा काही दोष नाही.

मूल अठराच्या आतलं असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक, संडे स्कूलची टीचर, तरुण संघाची मी, सगळ्यांना. मुलांसाठी 1098, तातडीसाठी 112. चर्चच्या पंचमंडळाची बैठक, प्रार्थना, समेट, हे काहीही तक्रारीच्या आधी नाही. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ असं सांगायला कोणी घरी आलं तर त्याचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा; पोलिसांना तेही लागतं.